पडवीत फुटलेले नारळ

मॅट्रिकला नापास होईपर्यंत मला सगळं येत होतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या घरातल्या सातही माणसांचं त्यावर एकमत होतं. पडवीत येरझाऱ्या घालत मी भूमितीचे सिद्धांत असे धडाधड म्हणायचो की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून ऐकत राही. पण परीक्षेच्या खोलीत, अनोळखी बाकावर, अनोळखी मास्तरांच्या चपलांची करकर ऐकत बसलो की तेच सिद्धांत मला ओळख दाखवीनासे होत. निकाल लागला त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानातून जेवायला घरी आले, पाय धुतले, आणि पाटावर बसता बसता म्हणाले, "घराकडे तुका सगळा येता. थंय गेल्यावर ता खंय जाता?" प्रश्न रास्त होता. आज पंच्याहत्तरी उलटली तरी तो मी स्वतःला विचारतो.

अण्णांचं बंदराजवळ लहानसं दुकान होतं. होड्यांना लागणारे दोरखंड, खिळे, डांबर आणि रॉकेल, असा सगळा वासाचा माल. अण्णांच्या सदऱ्यालाही तोच वास येई. माणूस कमी बोलायचा, आणि बोलला की गिऱ्हाईकाला भाव सांगितल्यासारखा एकदाच बोलायचा. त्यांनी आईला सांगितलं, की चतुर्थीला मुंबईहून तिचा भाऊ येईल, त्याच्याबरोबर सदाला, म्हणजे मला, पाठवून द्यायचा. मामा एका कचेरीच्या कँटीनमध्ये होता आणि तिथे कपबश्या विसळायला एक माणूस हवा होता. मला मुंबईचं भय नव्हतं. मला मास्तर व्हायचं होतं. म्हणजे जी गोष्ट मला चार लोकांसमोर अजिबात जमत नव्हती, तीच जन्मभर चार लोकांसमोर करायची होती. पण सतराव्या वर्षी माणसाला असली विसंगती दिसत नाही.

मी अण्णांपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "माका एकदा परत बसूक देवा."

"कित्याक? परत पडूक?"

"आता नाय पडूचंय. सराव करतंय."

अण्णांनी हातातल्या सुंभाला आणखी एक वेढा घातला. मग म्हणाले, "सराव तू बरो करतंस. माका लोकांसमोर काय करतंस ता बघूचा आसा." आणि तिथेच, हातातली सुंभाची गुंडाळी खाली न ठेवता, त्यांनी माझ्या आयुष्याचा निकाल एका नारळावर टांगला. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवतात तिथे मी उतरायचं. दुसऱ्याचा एक नारळ फोडून दाखवायचा. फक्त एक. फोडला तर मॅट्रिकचा फॉर्म, नाही तर मामाबरोबर कपबश्या.

आमच्याकडच्या या खेळाची रीत नव्या वाचकाला सांगायला हवी. दर्याला मानाचा नारळ देऊन झाला की ओल्या वाळूत लोकांचे घोळके जमतात. एकाने सोललेला नारळ हातात धरायचा, दुसऱ्याने आपल्या हातातल्या नारळाने त्यावर मारायचं. मग पाळी बदलते. ज्याचा फुटेल तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. बस्स. यात बुद्धीचं काय काम, असं बघणाऱ्याला वाटतं. मला मात्र त्यात भूमितीपेक्षा जास्त शास्त्र दिसलं, आणि तिथेच माझा घात झाला.

मी पाटीवर आकृत्या काढल्या. डावा पाय एक वीत पुढे. उजवं कोपर बरगडीला टेकलेलं. नारळ कानाच्या पाळीपर्यंत न्यायचा, श्वास रोखायचा, नजर निशाणावर, आणि मनगट शेवटच्या क्षणाला सोडायचं. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे सरावाची जागा पडवीच. राहता राहिला प्रश्न समोर नारळ धरून कोण बसणार याचा. आईला चुलीपासून सवड नव्हती आणि धाकट्या भावंडांच्या बोटांची तिला काळजी. तेव्हा आते पुढे झाली. आते म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून स्वैपाकघराची सगळी सत्ता तिच्याकडे. फक्त नारळ तेवढे अण्णांच्या ताब्यात. परसात माड पुष्कळ होते, पण अण्णांचा कायदा होता, घरात दिवसाला एकच नारळ फोडायचा. माझ्या सरावासाठी त्यांनी नारळांनी भरलेला माळा मोकळा केला. "फुटतीत ते रांधपाक घेवा," एवढंच म्हणाले.

पहिल्या दिवशी आतेने दोन्ही हातांत नारळ धरला आणि मी तिच्यासमोर उभा राहिलो. पहिले काही फटके फुकट गेले. ते मला आता आठवू नयेत असं वाटतं, पण आठवतात. मग अचानक 'टक्' असा आवाज झाला आणि आतेच्या हातातला नारळ दुभंगला. पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. "फोडलंस रे झिला," ती म्हणाली. त्या आवाजाची नशा मी काय वर्णन करू. दुसऱ्या दिवशी दोन फुटले. आठवड्याभरात मी असा तयार झालो की चारातले तीन फुटायचे, आणि चौथा फुटला नाही तर आते त्या नारळालाच दोष द्यायची.

आणि काय जेवलो आम्ही त्या पावसाळ्यात. श्रावण लागला होता, मासळी बंद. एरवी त्या महिन्यात आमच्या घरावर उदास कळा यायची. त्या वर्षी मात्र काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यावर तवंग होता, सोलकढी इतकी घट्ट की वाटी कलती केली तरी सावकाश यायची. नागपंचमीच्या पातोळ्यांत चून, म्हणजे नारळ-गुळाचं सारण, अगदी काठापर्यंत. शिरवळ्या झाल्या, खापरोळ्या झाल्या, आणि त्यांच्याबरोबरचा नारळाचा गोड रस अण्णांनी वाटीला तोंड लावून प्याला. माझ्या मनगटाच्या जोरावर सारं घर जेवत होतं. मी पाटावर मांडी ठोकून बसत असे, आणि मला वाटे, मिळवता मुलगा म्हणतात तो हाच.

आमचे जावईबापू निवृत्तीनंतर गोल्फ खेळू लागले आहेत. सरावाच्या मैदानावर त्यांचे चेंडू म्हणे ओळीने, सरळ, आकाशातून जातात. प्रत्यक्ष खेळायला लागले की तेच चेंडू झुडपात. परवा फार दुःखी होऊन मला विचारत होते, की बाबा, माझा तोच हात, तीच काठी, तोच चेंडू, मग होतं काय? मी म्हटलं, सरावाला चेंडू मांडून कोण देतं ते बघा. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला खेळातलं काही कळत नाही.

नारळी पौर्णिमेच्या दुपारी मी तीन निवडक नारळ पिशवीत घालून बंदरावर गेलो. अण्णा काळी छत्री घेऊन मागून आले आणि जरा अंतरावर उभे राहिले. पाऊस नव्हता, पण अण्णा छत्री उघडूनच उभे होते. माझ्या नशिबाने घोळक्यात समोर आला तो भिकू तांडेल. आमच्या दुकानातून दोरखंड नेणारा, पन्नाशीचा, काळाकुट्ट, होडीच्या वल्ह्यासारखे हात. त्याच्या पायाशी जिंकलेल्या फुटक्या नारळांचा ढीग.

"काय रे सदा," तो म्हणाला, "पुस्तक आणूक नाय?"

लोक हसले. मी लक्ष दिलं नाही. डावा पाय एक वीत पुढे टाकला. तेवढ्यात लाट आली आणि त्या पायाखालची वाळू घेऊन गेली. पाय परत टाकला. कोपर बरगडीला टेकवलं. नारळ कानापर्यंत नेला.

"मारतलंस, की फोटो काढूचो आसा?" भिकूने विचारलं.

मी श्वास रोखला, निशाणाकडे पाहिलं, आणि मला निशाणच दिसेना. भिकूची मूठ दिसत होती. त्याच्या त्या अगडबंब पंजात नारळ असा गडप झाला होता की दोन बोटांच्या बेचक्यातून फक्त सुपारीएवढं टोक बाहेर आलेलं. मी दोन महिने जे बघत आलो होतो ते नारळाचं गोल, गुळगुळीत, भलंमोठं पोट कुठेच नव्हतं.

"नारळ खंय आसा?" मी विचारलं. अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

"माझ्या मुठीत आसा. तुका काय ताटात वाढून होयो?"

मी मारला. टक् झालं. पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं तेव्हा मला कळलं की फुटलेला नारळ माझा आहे.

आता पाळी त्याची. मी पिशवीतून दुसरा नारळ काढला आणि जसा धरायचा असतो तसा धरला. म्हणजे मी आयुष्यात एकच माणूस नारळ धरताना जवळून पाहिला होता, ती आते. दोन्ही तळवे जोडून, नारळ आडवा, पोट वर, देवापुढे नैवेद्य धरावा तसा. भिकूने हात उगारला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर मास्तर झाल्यावर पुष्कळदा अनुभवलं. मूल अगदी काहीतरीच लिहून आणतं तेव्हा येतं ते.

"असो धरतत काय रे? कोणी शिकवल्यान तुका?"

मी नारळ आणखी पुढे केला.

"वायच फिरव तो. टोक वर कर."

हा डाव आहे, असं मला वाटलं. शत्रू आपल्याला आपली पद्धत सोडायला लावतोय. "मी असोच धरतंय," मी म्हटलं.

"बरा तर," भिकू म्हणाला, आणि जवळजवळ मायेने मारला. नारळाची मधोमध दोन शकलं झाली, इतकी सारखी की घोळक्यातल्या एका म्हातारीने म्हटलं, "ह्याच्या आवशीक नेऊन दी गो बाय कोणी तरी, वाटाप करूक बरा." तिसऱ्याची गोष्ट मी सांगत नाही. तो माझ्या हातून निसटून आधी भिकूच्या पायावर पडला, मग त्याच्या हातून फुटला, एवढं पुरे. मी वळून पाहिलं तर अण्णांनी छत्री मिटली होती आणि ते घराच्या वाटेला लागले होते.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. नारळी भात होता. अण्णा आईला म्हणाले, "त्याची ट्रंक खाली काढून ठेव." मग मला वाटलं, निदान एक गोष्ट तरी सांगावी. हरलेला माणूस असल्या बारीकसारीक गोष्टी सांगत सुटतो. मी म्हटलं, "भिकू माका इचारी होतो, असो नारळ धरूक कोणी शिकवल्यान."

"मगे तू काय सांगलंस?"

"काय नाय. आते तसोच धरता."

अण्णांचा हात ताटात थांबला. आते वाढत होती. ती वाढतच राहिली.

"बाये," अण्णा म्हणाले, "तू नारळ कसो धरी होतंस?"

"फुटाक होयो तसो," आते म्हणाली.

पातेलं खाली ठेवून आते भिंतीला टेकून बसली, आणि मग जे बोलली ते अण्णांशी बोलली, पण बघत माझ्याकडे होती. "पयल्या दिसाक धा वेळा मारल्यान. एक फुटाक नाय. निकाल लागल्यापासून पोरगो हसाक नाय होतो, आणि आता ह्या. माका त्याचा तोंड बघवला नाय. म्हणान वायच फिरवलंय, पोट त्याच्याकडे केलंय. फुटलो. हसलो. दुसऱ्या दिसाक परत फिरवलंय." मग तिने पदराने तोंड पुसलं आणि तिचा आवाज बदलला. "आणि खोटा कित्याक सांगू, मगे माका नारळय गावाक लागले. दिवसाक एक नारळ दितंस तू, भाई. एका नारळात सात माणसांचो रस होता काय?"

"म्हणजे दोन म्हयने ह्यो सराव..." अण्णा म्हणाले.

"दोन म्हयने तू दाट रस वरपलंस," आते म्हणाली. "तेव्हा इचारूक नाय, बाये, नारळ कसो धरतंस म्हणान."

अण्णांनी ताटाकडे पाहिलं. नारळी भात त्यांनी नुकताच दुसऱ्यांदा वाढून घेतला होता. मी आतेवर चिडायला हवं होतं. भिकूने केली नाही एवढी माझी शोभा तिने केली होती, आणि पडवीतल्या त्या शेकडो 'टक्' आवाजांतला एकही माझा नव्हता. पण खरं सांगतो, मला पहिल्यांदा दुःख झालं ते माझ्या मनगटाचं. बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

अण्णा हात धुवायला उठले आणि दारात थांबून म्हणाले, "सकाळी खळ्यात. एक नारळ. मी धरतलंय. बाये, तू भायर येऊक नको."

सकाळी उघाडी होती. खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, शेवाळलेलं; जोत्याच्या चिऱ्यावर ऊन. अण्णा दुकानाचा सदरा घालून उभे राहिले आणि त्यांनी मूठ पुढे केली. भिकूच्या मुठीसारखीच, टोक तेवढं बाहेर. फक्त त्या टोकाच्या बाजूला अण्णांचा अंगठा होता. मी आयुष्यात अण्णांच्या कुठल्याही वस्तूला न विचारता हात लावला नव्हता, आणि आता मला त्यांच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर जीव खाऊन मारायचं होतं. दाराआड आतेच्या बांगड्या नसलेल्या हाताची सावली दिसत होती. आई तुळशीपाशी उभी. ट्रंक ओटीवर, झाकण उघडं.

"मार," अण्णा म्हणाले.

"अंगठो वायच मागे घेवा."

"भिकून घेतल्यान काय?"

"नाय."

"मगे मार."

डावा पाय, कोपर, कान, श्वास; यातलं मला काहीही आठवलं नाही. मी डोळे मिटले आणि हाणला. आवाज झाला तो नारळाचा नव्हता. अण्णांच्या तोंडून हवा बाहेर पडली, नारळ त्यांच्या मुठीतून सुटला, जोत्याच्या चिऱ्यावर आपटला, आणि दोन तुकडे होऊन पाणी पायरीवरून खाली आलं.

"फुटलो," आतून आते म्हणाली.

आई हळद आणायला धावली. अण्णांनी अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला होता आणि डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये म्हणून ते माडांच्या शेंड्यांकडे बघत होते. माझ्या हातात माझा नारळ शाबूत होता, आणि मला अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, ह्यो मोजूचो नाय. तुमच्या हातातसून पडलो म्हणान फुटलो."

"कोणाचो फुटलो?"

"तुमचो."

"तुझो आसा?"

"आसा."

"मगे बंदरावर कोण इचारता, कसो फुटलो ता?" दुकानातला भाव एकदा सांगितला की सांगितला, तसेच ते होते. शब्द मोडून मला सूट द्यायची तर ती त्यांना आदल्या रात्रीच देता आली असती. मग अंगठा तसाच दाबून धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कचेरीच्या कामाला ते जी पुस्तकी मराठी काढत, ती काढून म्हणाले, "तो फॉर्म कधी भरायचा असतो?"

चतुर्थीला मामा आला आणि एकटाच परत गेला. अण्णांनी माझी उजळणी स्वतः घ्यायला सुरुवात केली. रोज दुकान बंद करून यायचे, पुस्तक असं छातीशी धरायचे की मला एक ओळ दिसू नये, आणि मी कितीही अचूक सांगितलं तरी 'बरोबर' म्हणायचे नाहीत. नुसते पुढचा प्रश्न विचारायचे. सगळ्या विषयांत मी बऱ्यापैकी निघालो. गणितात मात्र मी मोजून काठावर पास झालो, नेमके पस्तीस. भूमितीचा शेवटचा सिद्धांत मी, मला पक्कं आठवतं, डोळे मिटून हाणला होता. तो पेपर तपासणारे मास्तर कोण होते हे मला कधीच कळलं नाही, पण त्यांचाही अंगठा कुठे तरी सापडला असणार.